तालमीतले रडू

श्रीपती मुळ्यांच्या लेखी माहितीपट दोनच गोष्टींवर निघत असे, धरणांवर आणि थोर माणसांवर. नुपूर गायधनी एका माहितीपटात दिसणार असल्याची बातमी त्यांच्या कानी आली, तेव्हा नुपूर धरण नाही एवढी खात्री असल्याने त्यांनी उरलेला निष्कर्ष काढला. तासाभरात दोह्यातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमंत्रण झळकले. येत्या शुक्रवारी दुपारी, अल अझीझियातील मुळे यांच्या व्हिलात, कतारच्या सुकन्येवरील माहितीपटाचे सामूहिक दर्शन. तदनंतर शाल व श्रीफळ देऊन सत्कार. अल्पोपाहार सौ. पुष्पावती मुळे यांजकडून. खाली जोडलेल्या हातांची एक रांग आणि मग, का कोण जाणे, एक उंट.

नुपूरने ते ऑफिसच्या लिफ्टमध्ये वाचले. लिफ्ट वर निघाली होती. तिचा मजला आला आणि गेला, तरी ती वाचतच होती.

माहितीपटाचे नाव होते 'टाळ्यांच्या आधी'. मुलांच्या गाण्याच्या स्पर्धा टीव्हीवर दिसतात तशा प्रत्यक्षात नसतात, त्या कशा घडवल्या जातात, हे त्या स्पर्धांतून मोठ्या झालेल्या मुलांनीच सांगायचे, अशी त्याची रचना. सत्काराला तिथे कुठल्याच कोपऱ्यात जागा नव्हती. पुण्याची दिग्दर्शिका अनुजा एका कॅमेरावाल्याला घेऊन दोह्यात येऊन गेली होती. नुपूरच्या वडिलांनी, प्रतापने, अनुजाला खजूर दिले, घरात चित्रीकरण करण्याच्या संमतीच्या कागदावर न वाचता सही केली आणि 'माझ्या मुलीबद्दल छान बोलून घ्या' असे सांगून तो हसत कामावर निघून गेला. मग नुपूर बोलली.

नऊ वर्षांची असताना ती 'चिमणसूर' नावाच्या स्पर्धेत गायली होती. त्या दिवसांविषयी इतके मोकळे बोलता येईल असे तिला स्वतःलाही वाटले नव्हते. गाणे आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित झालेले असायचे, मंचावर फक्त ओठ हलवायचे. टाळ्या तर सकाळीच घेऊन ठेवत. कोणी गाण्याच्या आधी, रिकाम्या मंचाकडे पाहत, रोजंदारीवर आलेले प्रेक्षक एका माणसाच्या हाताकडे बघून टाळ्या वाजवत: आधी मंद, मग भरघोस, मग उभे राहून. नुपूर तेव्हा पहिल्या रांगेत बसून इडली खायची आणि इडली संपली की स्वतःला मिळणाऱ्या टाळ्यांत आपल्याही दोन मिसळायची. हे सांगताना ती खळखळून हसत होती. अनुजाही हसली. मग अनुजाने अगदी हळू, जणू खिडकी लावून घ्यावी तसा, शेवटचा प्रश्न विचारला की त्या सगळ्यात खरे असे काही होते का. आणि नुपूरने मिठीची गोष्ट सांगून टाकली.

ती मिठी दोह्यातल्या बहुतेक मराठी घरांनी पाहिलेली होती. यूट्यूबवर आजही आहे. उपांत्य फेरी. निवेदकाचा कातर स्वर सांगतो की दूर वाळवंटात घाम गाळणारा एक बाप आज आपल्या चिमणीला भेटायला आला आहे. दार उघडते, यंत्राचा धूर पसरतो आणि धुरातून नारिंगी जॅकेट घातलेला, चेहऱ्यावर धूळ असलेला प्रताप येतो. मग पडदाभर नुपूरचा चेहरा. हनुवटी थरथरते. डोळ्यांच्या कडा भरतात, भरून थांबतात, आणि एक थेंब असा ओघळतो की त्याला जणू वाट आधीच ठाऊक होती. मग बाप आणि लेक मिठीत, वर सनई.

प्रताप गायधनी गॅस प्रकल्पात उपकरण अभियंता होता. वाळवंटाशी त्याचा संबंध गाडीच्या काचेवर बसणाऱ्या धुळीपुरता. चेहऱ्यावर फासलेली ती धूळ म्हणजे मेकअपच्या खोलीतली मुलतानी माती होती. मंडळात त्याला बरीच वर्षे 'वाळवंटातला बाप' म्हणत, आणि तोही ते मजेत घेई. घरी कोणी जेवायला आले की जेवणानंतर आणि बडीशेपेच्या आधी क्लिप लागे. प्रताप सगळे स्वतःच उघडे पाडी, जॅकेट भाड्याचे, धूर यंत्राचा, माती मुलतानी. मग लेकीच्या चेहऱ्यावर तो चित्र थांबवी.

"बाकी सगळा तमाशा," तो म्हणे. "पण हे बघा. हे कोणी शिकवू शकत नाही."

पाहुणे मान डोलावत. नुपूर तोवर ताटे उचलायला आत गेलेली असे.

कारण तो चेहरा बापाकडे बघत नव्हता. बाबा येणार हे तिला आदल्या दिवशीच सांगितले होते आणि त्याची तालीमही घेतली होती. तालमीत बापाच्या जागी सुरेशदादा उभा राहिला. सुरेश हा सहायक दिग्दर्शक, मुलांचा लाडका, खिशात कायम पेपरमिंट असलेला. गुडघ्यावर बसून तो तिच्या कानात म्हणाला होता की समज, बाबा आलेत, आणि उद्या लगेच परत जाणार आहेत. ती रडली. दिवे तपासायला कॅमेरा सुरूच होता. दुसऱ्या दिवशी खरे बाबा धुरातून आले, तेव्हा त्यांच्या नाकावरची माती पाहून तिला हसू फुटले आणि ते आवरेना. दिग्दर्शकाच्या कपाळावर आठी पडली. शेवटी तालमीतले रडू कापून खऱ्या भेटीवर चिकटवण्यात आले. रडणाऱ्या चेहऱ्याच्या केसांत लाल रिबीन आहे आणि मिठीतल्या मुलीच्या केसांत पिवळी. दिवसभर मापकांचे काटे वाचणाऱ्या प्रतापला ते एवढ्या वर्षांत एकदाही दिसले नव्हते. प्रेम करणारी माणसे रिबिनी बघत नसावीत.

आता ते शुक्रवारी भिंतभर दिसणार होते, सगळ्या मंडळादेखत, आणि नुपूरच्याच तोंडून. तिने अनुजाला निरोप पाठवला, तेवढा भाग काढता येईल का. अनुजाचे उत्तर सौजन्याने भरलेले होते आणि त्यात 'नाही' होते. चित्रपट शुक्रवारी दुपारीच ऑनलाइन प्रदर्शित होणार, त्याआधी कोणालाही दाखवता येणार नाही, कुठे हात लावणे तर दूरच. शिवाय 'चिमणसूर'च्या जुन्या संकलकाकडून त्या दोन दिवसांचे मूळ चित्रीकरण मिळाले होते, तेही घेतले आहे. शेवटी तिने लिहिले होते, 'माझ्यावर चिडायचे असेल तर चीड. पण आधी बघ.'

आईला यातले निम्मे तरी ठाऊक होते. स्पर्धेच्या काळात नयना लेकीबरोबर मुंबईत राहिली होती. सुरेशबरोबरची तालीम तिने डोळ्यांनी पाहिलेली. नुपूर सांगायला गेली तेव्हा ती ओट्यापाशी शेंगदाण्याचे कूट करत होती. मिक्सर थांबवून तिने सगळे ऐकले, परत फिरवला, परत थांबवला.

"इतकी वर्षं मी तोंड शिवून बसले," ती म्हणाली, "ते तू कॅमेऱ्यापुढे उसवायला?"

नुपूरने विचारले की आपणच बाबांना आधी सांगितले तर. नयनाने ते साफ फेटाळले. तिची योजना वेगळी होती. माहितीपट लागला की प्रताप पेंगतो, हा तिचा संसारभराचा अनुभव. पेंग्विनांवरचे, हिमनद्यांवरचे, एकदा तर खुद्द नैसर्गिक वायूवरचे किती माहितीपट त्याने घोरत पाहिले होते. त्याला मागच्या सोफ्यावर बसवायचे आणि सुरुवातीलाच पुष्पाकाकूंचे साबुदाणेवडे खायला घालायचे. दोन वड्यांत माणूस आडवा होतो, असे तिचे म्हणणे.

"आणि जागा राहिला तर?"

"तर तिसरा वडा," नयना म्हणाली आणि मिक्सर सुरू केला.

शुक्रवारी नयना वाढण्यासाठी मदत म्हणून आधीच मुळ्यांकडे गेली. नुपूर आणि प्रताप मागून निघाले. जानेवारीतली दुपार होती. वर्षातून मोजकेच आठवडे मिळते तसे मवाळ ऊन रस्त्यावर पसरले होते, जणू उन्हालाही सुट्टी दिली असावी. नमाज आटोपून गाड्या घराकडे वळत होत्या. प्रतापने इस्त्रीचा कुडता घातला होता आणि दर सिग्नलला तो आरशात कॉलर बघत होता. अजून वेळ आहे, करक चहा घेऊया, असे नुपूरने सुचवले. सांगायचे तर इथेच, असे तिने ठरवले होते.

टपरीसमोर गाडी लावून प्रतापने हॉर्न दिला. वेलचीच्या वासाचा दाट चहा कागदी पेल्यांतून खिडकीशी आला. शुक्रन म्हणत प्रतापने चहावाल्याचे आभार मानले आणि खिशातून पेनड्राइव्ह काढून त्याने तो नुपूरला दाखवला. क्लिप आणली होती. माहितीपटवाले लोक कापाकापी फार करतात, पूर्ण मिठी दाखवतील याची काय खात्री. म्हणून नंतर आपली आपण लावायची.

"बाबा, त्या क्लिपबद्दल मला तुला—"

"मी आज बोलणार आहे तिच्यावर," प्रताप म्हणाला. "श्रीपतरावांनी दोन शब्द सांगितलेत. दोनच वाक्यं आहेत. ऐकतेस?"

तो समोरच्या भिंतीकडे बघत बोलू लागला, जणू तिथे माइक होता. तेव्हा तुम्ही दोघी नाशिकला आणि मी इथे, असे त्याचे वाक्य सुरू झाले. वर्षातून दोनदा यायचो, तू आईच्या मागे लपायचीस, मग चार दिवसांनी माझी सवय व्हायची आणि तोवर माझी सुट्टी संपायची. त्याला वाटू लागले होते की या घराचे आपल्यावाचून काही अडत नाही, आपण महिन्याला पैसे पाठवणारे एक यंत्र आहोत आणि यंत्र नीट चालू आहे. त्या दिवशी मंचावर लेक रडली आणि त्याने ठरवले की दोघींना इकडे आणायचे. इथला फ्लॅट, शाळा, हे सगळे त्या रडण्यापासून सुरू झाले.

"दोन वाक्यांपेक्षा जास्त झालं का?" त्याने विचारले.

नुपूरने चहाचा मोठा घोट घेतला. जीभ चांगलीच पोळली, आणि पोळलेल्या जिभेने माणूस फार बोलत नाही, ही सबब तिने स्वतःपुरती मान्य केली.

मुळ्यांचा मजलिस, म्हणजे पाहुण्यांचा दिवाणखाना, भरलेला होता. भिंतीवर पडदा, पडद्याशेजारी टेबलावर शाल, नारळ आणि गुच्छ, आणि गाद्यांवर, खुर्च्यांवर, गालिच्यावर पंचवीस-तीस माणसे. श्रीपती मुळे मूळचे परभणीचे; अर्धे आयुष्य दोह्यात बांधकाम कंपनीत गेले तरी त्यांच्या मराठीला इथली वाळू लागलेली नव्हती. त्यांनी स्वागत केले आणि आपली लेक जगाच्या पडद्यावर झळकायलीय हे दोनदा सांगितले. नयनाने प्रतापला मागच्या सोफ्यावर बसवून त्याच्या हाती वड्यांची बशी दिली. श्रीपतरावांनी त्याला दंडाला धरून उठवले आणि सत्कारमूर्तींच्या वडिलांनी मागे बसायचे म्हणजे काय, असे म्हणत पहिल्या ओळीत, नुपूरशेजारी आणून बसवले. बशी मागेच राहिली.

सुरुवात झकास झाली. परीक्षक रडण्याआधी डोळ्यांखाली मेन्थॉल लावून घेत, हे कळताच मजलिस हसला. टाळ्यांचे प्रकरण आले. पडद्यावर रिकाम्या मंचासमोर माणसे उभी राहून टाळ्या वाजवत होती. इकडे मजलिसमध्येही सवयीने काही हात उठले आणि हवेतच घोटाळले, कारण नेमक्या कशाला टाळी द्यायची ते कोणालाच ठरवता येईना. श्रीपतरावांचा चेहरा हळूहळू लांबत गेला. ते प्रतापकडे वाकले.

"प्रतापराव, हे सत्कारावानी वाटंना. चौकशी आयोगावानी व्हायलंय."

प्रताप पेंगत नव्हता. तो पुढे झुकून, गुडघ्यांवर कोपरे टेकून बघत होता, कंट्रोल रूममध्ये काटा हलताना बघतो तसा. इडली खाणारी लेक दिसली तेव्हा तो मोठ्याने हसला आणि मागे वळून म्हणाला, ही बघा, ही माझी. मग पडद्यावर आजची नुपूर आली, घरच्याच निळ्या पडद्यासमोर बसलेली. अनुजाचा प्रश्न ऐकू आला. नुपूरने आपल्या दोन्ही हातांची बोटे एकमेकांत अडकवली आणि स्वतःचाच आवाज ऐकत राहिली.

पडद्यावरची नुपूर सांगत होती की ते रडणे बाबांसाठी नव्हते. तालमीत सुरेशदादाच्या पायाला मी बिलगले आणि रडले, ते जाडेभरडे कापड अजून गालाला आठवते. खरे बाबा आले तेव्हा मी हसले. त्यांना हे माहीत नाही. ते अजून ती क्लिप सगळ्यांना दाखवतात.

मजलिसमध्ये कोणीही प्रतापकडे पाहिले नाही. इतकी माणसे एकाच वेळी एका माणसाकडे न पाहण्याचा प्रयत्न करू लागली की तो प्रयत्नच दिसू लागतो. मागे कुठेतरी बशीवर चमचा वाजला. नुपूरला शेजारी फक्त कुडत्याची बाही दिसत होती. ती हलत नव्हती.

मग मूळ चित्रीकरण सुरू झाले. आधी तालीम. लाल रिबीन लावलेली मुलगी, समोर गुडघ्यावर बसलेला सुरेश. तो कानात काही सांगतो, हनुवटी थरथरते, डोळे भरतात, थेंब ओघळतो. तोच थेंब. सुरेश तिचा गाल पुसतो, पेपरमिंट देतो, ती ते तोंडात टाकून पळून जाते. नुपूर बघत राहिली, कारण काहीतरी जुळत नव्हते. ती त्याच्या पायाला बिलगलीच नव्हती. तो तर खाली बसलेला होता.

मग दुसरा दिवस. धूर, दार, नारिंगी जॅकेट. पिवळ्या रिबिनीची मुलगी धावत जाते, त्याच्या नाकाकडे बोट दाखवते आणि हसत सुटते. प्रतापही हसतो. तो तिला उचलतो, ती फ्रॉकच्या टोकाने त्याची माती पुसू लागते. सनई नाही, काही नाही, नुसता दोघांच्या हसण्याचा आवाज आणि पंख्याची घरघर. कोणीतरी ओरडते, कट. तोच आवाज सांगतो की मुलगी रडली नाही, पुन्हा घेऊ, बाबा, तुम्ही दारामागे जा आणि सांगितलं की परत आत या.

पडद्यावरचा प्रताप मान हलवतो. तो लेकीला खाली ठेवतो, जॅकेट सारखे करतो, पाठ फिरवतो आणि दाराकडे चालू लागतो.

मुलगी तिथेच उभी. कॅमेरा आता त्यांच्यासाठी नसावा. चित्र तिरके झाले आहे, कडेला कोणाचे तरी डोके आले आहे. तिचे हसू चेहऱ्यावरून एकदम जात नाही. ते राहते आणि त्याच्याखालून दुसरे काहीतरी वर येते. मग ती धावते. दाराशी पोचायच्या आत ती मागून त्याच्या पायाला मिठी मारते, दोन्ही हातांनी, गुडघ्याच्या मागे तोंड खुपसून, आणि ओरडते, बाबा जाऊ नको. सूर नाही, ठेका नाही. स्पर्धेतल्या मुलीचा तो आवाजच नव्हे. नाक वाहते आहे, एक बूट निघून मागे पडला आहे. प्रताप थांबतो, वळायचा प्रयत्न करतो, पण ती पाय सोडत नाही, म्हणून तो तसाच अर्धवट वळलेला, तिच्या केसांवर हात ठेवून उभा राहतो. पुन्हा तोच आवाज, कंटाळलेला. राहू दे, हे पोर चेहरा फारच वेडावाकडा करतंय. कालचं वापरू.

तिथे ते चित्र संपले. माहितीपट पुढे सरकला, दुसऱ्या कोणा मुलाकडे, दुसऱ्या शहराकडे. प्रतापने हात वर केला.

"श्रीपतराव, जरा मागे घ्या."

श्रीपतरावांनी मागे घेतले. सगळ्यांनी पुन्हा पाहिले. पायाला मिठी मारलेली मुलगी आली आणि मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी नाक ओढले, बहुधा पुष्पाकाकू. प्रतापने पुन्हा मागे घ्यायला सांगितले, आणि या वेळी मुलगी धावण्याआधीच, स्वतःची पाठ दिसत असताना, त्याने थांबवायला सांगितले. पडद्यावर एक नारिंगी पाठ स्थिर झाली.

"त्याने जा म्हटलं," प्रताप म्हणाला, "आणि मी गेलो. विचारलंसुद्धा नाही."

"बाबा, मला हे आठवतच नव्हतं. मला वाटलं, तो पाय सुरेशदादाचा."

"मला आठवत होतं. तू पाय धरलास, ओरडलीस, सगळं. मला वाटायचं, क्लिपमधला तुझा चेहरा तेव्हाचाच. मला कुठे दिसत होता, तू गुडघ्यात तोंड घातलेलं." त्याने पडद्यावरच्या पाठीकडे बोट केले. "मी निघालो होतो हे नव्हतं आठवत."

नुपूरने इतक्या दिवसांत बापाच्या दुःखाचे किती आराखडे मनात रचले होते. त्याला वाटेल की लेकीचे रडू दुसऱ्याचे होते. त्याला वाटेल की घर ज्या थेंबावर उभे केले तो थेंबच खोटा. त्यातले काहीही झाले नव्हते. रडू त्याचे होते, त्याचेच राहिले होते, आणि तो बसून राहिला होता तो एका पाठीपाशी.

"दारापर्यंतच गेलास," ती म्हणाली. "मी पोचू दिलं कुठे? बूट गेला माझा त्यात."

"मिळाला का पुढे?"

"नाही बहुतेक. आई, माझा बूट मिळाला होता?"

मागून नयनाने सांगितले की मेकअपच्या खोलीत तिची मुलाखत घेत होते, त्यामुळे हे तिने आत्ताच पाहिले. पण बूट मिळाला नव्हता, आणि तूच कुठेतरी धांदरटपणे हरवलास म्हणून तिने त्या दिवशी पोरीला रागावून घेतले होते. हे सांगताना तिचा आवाज सरळ राहिला नाही. प्रताप हसला, आणि हसता हसता त्याने कुडत्याच्या बाहीने डोळे पुसले, उघडपणे, सगळ्यांसमोर. मजलिसला आता त्याच्याकडे बघायची मुभा मिळाली.

उरलेला माहितीपट लोकांनी भक्तिभावाने पाहिला. नावे सरकू लागली तेव्हा श्रीपतराव टेबलापाशी जाऊन उभे राहिले, शालीकडे आणि नारळाकडे पाहत. सत्कार करायचा तर कोणत्या कामगिरीबद्दल, हे त्यांना सुचत नव्हते. वाहिनीने पोरीला फसवले, पोरीने प्रेक्षकांना फसवले, असा हिशेब त्यांच्या डोक्यात चालला असावा. त्यांनी पत्नीला हळूच विचारले, खलास समजायचे का.

"काय खलास? पोर खरं बोलली, म्हणून करा," पुष्पाकाकू म्हणाल्या. "धरणाचंसुद्धा कौतुक करता, तर हिचा सत्कार करायला काय झालं?"

तेव्हा सत्कार झाला. शाल वडिलांच्या हस्ते द्यायची ठरली. नुपूर पडद्याशेजारी उभी राहिली, प्रताप गर्दीतून पुढे आला, शालीची घडी उलगडून त्याने ती तिच्या खांद्यांवर घातली आणि दोन्ही हात तिथेच ठेवले. श्रीपतरावांनी फोन आडवा धरला, उभा धरला, आणि दाबले. टाळ्या वाजल्या. श्रीपतरावांनी फोनमध्ये पाहिले आणि हात वर करून सगळ्यांना थांबवले.

फोटोत अंगठा आला होता. काही हरकत नाही, ते म्हणाले, शाल काढून घ्या, प्रतापराव, दोन पावलं मागं जा आणि पुन्हा घालायला या, आणि मंडळी, टाळ्या पुन्हा एकदा. आपल्याकडे हे नवे नव्हते; प्रत्येक समारंभात गुच्छ निदान दोनदा दिला जातो, एकदा माणसाला आणि एकदा फोटोला. लोकांनी हात पुन्हा तयार ठेवले. नुपूरनेही, किती वर्षांची सवय, मान वाकवली, शाल काढायला हात वर नेला आणि चेहऱ्यावर पहिल्या वेळचे आश्चर्य नीट बसवले.

खांद्यांवरचे हात उचलले गेले नाहीत.

"नाही, श्रीपतराव," प्रताप म्हणाला. "आलं तसं राहू द्या."

"अहो, नुसता अंगठा आलाय की."

"मग अंगठा."

श्रीपतराव फोन हातात धरून थोडा वेळ थांबले. त्यांना वाटले, प्रतापराव गंमत करायलेत, आता मागे सरतील. लोकही थांबले, हात छातीशी, टाळीच्या अलीकडे. नुपूरच्या चेहऱ्यावर बसवलेले आश्चर्य केव्हाच निसटून गेले होते. तिने मान वर केली. प्रताप तिच्यासमोर, त्याच जागी उभा होता. त्याचे हात अजून शालीवरच होते. शेवटी पुष्पाकाकूंनी दोघांचा चहा तिथेच आणून दिला.